ग्रेट ओशन रोड, पावसात, बाबांसोबत

जुलै म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा ऐन हिवाळा, आणि तिथला हिवाळा हाच तिथला पावसाळा. हे ठाऊक असूनही मी ग्रेट ओशन रोडचा प्रवास जुलैतच ठरवला, कारण माझ्याकडे आलेल्या बाबांचा मुक्काम तेवढाच उरला होता. निघायच्या आदल्या रात्री हवामानाचा अंदाज पाहिला, तेव्हा तिन्ही दिवस पावसाचे होते आणि किनाऱ्यासाठी जोरदार वाऱ्याचा इशाराही होता. मी बेत रद्द करण्याच्या विचारात होते. पस्तीस वर्षे रस्तेबांधणीत घालवलेल्या बाबांनी मात्र तो अंदाज शांतपणे वाचला आणि म्हणाले, "अगं, उन्हात रस्ता सगळेच बघतात. पावसात तो कसा वागतो ते बघू या की!" त्यांच्या या एका वाक्यामुळे आम्ही निघालो, आणि पुढचे तीन दिवस मी तो किनारा बऱ्याच अंशी त्यांच्याच नजरेने पाहिला.

हा रस्ता टॉर्कीपासून ऍलन्सफर्डपर्यंत सुमारे २४३ किलोमीटरचा आहे. तो पूर्वेकडून पश्चिमेकडे केलेला बरा, असे मी आवर्जून सांगेन. ऑस्ट्रेलियात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना आपली गाडी समुद्राच्या बाजूला राहते आणि वाटेत थांबायच्या जागांवर समोरून येणारी वाहने न अडवता वळता येते. पावसात, समोरचे धड दिसत नसताना, ही सोय किती मोलाची असते ते तिथे गेल्यावर कळते. बाबा माझ्या डावीकडे, म्हणजे अगदी समुद्राच्या बाजूला बसले होते. टॉर्की आणि अँगलसी ही गावे मागे पडेपर्यंत नुसती भुरभुर होती. एअरीज इनलेटचे १८९१ सालचे पांढरेशुभ्र दीपगृह धुक्यात खालून निम्मेच दिसले. त्याची लाल टोपी ढगात गेली होती. त्यानंतर रस्ता एकदम समुद्राला येऊन भिडतो, आणि तिथेच पावसाने खऱ्या अर्थाने जोर धरला.

ईस्टर्न व्ह्यू या ठिकाणी रस्त्यावर एक लाकडी कमान आहे. येणारे बहुतेक जण तिच्याखाली उभे राहून छायाचित्र काढतात. त्या दिवशी तिथे आमच्याशिवाय कोणीही नव्हते. बाबा छत्री न उघडता, नुसते रेनकोटचे टोपडे ओढून खाली उतरले आणि कमानीपेक्षा तिच्या शेजारच्या शिल्पापाशीच अधिक वेळ थांबले. हातात अवजारे घेतलेले दोन कामगार त्या शिल्पात आहेत. ते कामगार म्हणजे पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक. हा रस्ता त्यांनी बांधला, आणि युद्धात मारल्या गेलेल्या आपल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून बांधला. सप्टेंबर १९१९ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १९३२ मध्ये संपूर्ण रस्ता खुला झाला. सुमारे तीन हजार माजी सैनिकांनी टिकाव, कुदळी, फावडी, सुरुंगाची दारू आणि घोडागाड्या यांच्या बळावर ही खोदाई केली. ते तंबूंत राहत आणि आठ तासांच्या दिवसासाठी त्यांना दहा शिलिंग सहा पेन्स मजुरी मिळे. कड्यावर काम करताना काही जणांचा जीवही गेला. ज्या हॉवर्ड हिचकॉक यांनी या कामासाठी पैसा उभा करण्यात पुढाकार घेतला, ते जिलाँगचे माजी महापौर उद्घाटनाच्या काही महिने आधी वारले, आणि उद्घाटनाच्या मिरवणुकीत गव्हर्नरांच्या गाडीमागून त्यांची गाडी नेण्यात आली. हे सारे मी आधी वाचलेले होते. पण बाबा त्या शिल्पासमोर पावसात उभे राहून सैनिकाच्या हातातल्या अवजाराकडे ज्या बारकाईने पाहत होते, ते पाहून मला पहिल्यांदाच जाणवले, की युद्धाच्या खंदकांत माती उपसून आलेल्या माणसांच्या हाती इथे पुन्हा मातीच उपसायचे काम आले होते. तेवढे मात्र वेगळे, की हे काम उभारणीचे होते.

लॉर्न ते अपोलो बे हा टप्पा सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा आहे आणि साऱ्या रस्त्यात सर्वांत नागमोडी आहे. एका हाताला सरळ उभा कापलेला डोंगर, दुसऱ्या हाताला कठडा, आणि कठड्याच्या पलीकडे थेट समुद्र. गाडीच्या काचेवर वरून पावसाचे पाणी पडत होते आणि खालून, लाट खडकावर फुटली की, खारे तुषार येत होते. या दोन पाण्यांतला फरक वायपर फिरला की लगेच दिसे: पावसाचे पाणी स्वच्छ निघून जाई, समुद्राचे पाणी मात्र काचेवर दुधट पट्टा ठेवून जाई. रस्त्यावर निलगिरीच्या सालींच्या हात-हात लांब चिंध्या पडलेल्या होत्या. ही झाडे आपली साल पट्ट्यांनी सोडतात, आणि वादळी वाऱ्यात त्या पट्ट्या रस्त्यावर येऊन, भिजून, अगदी शेवाळासारख्या निसरड्या होतात. वळणावर अशी साल चाकाखाली आली आणि गाडी किंचित सरकली, तेव्हापासून मी वेग ताशी चाळीसच्या वर नेला नाही. मागून एखादी गाडी आली, की तिला पुढे जाऊ देण्यासाठी खास केलेल्या रुंद जागी मी बाजूला होत असे. ज्यांना घाई आहे त्यांना वाट द्यावी आणि आपण आपल्या गतीने जावे, हे या रस्त्यावर निसंकोचपणे करता येते.

बाबांचे लक्ष समुद्राकडे फार नव्हतेच. "ही मोरी बघ," असे म्हणून ते मला एकेक गोष्ट दाखवत होते. डोंगरावरून येणारा प्रत्येक ओहोळ कुठून अडवला आहे, कुठल्या चरातून नेला आहे, रस्त्याखालून मोरीने कसा पलीकडे काढला आहे, सुट्या खडकांवर लोखंडी जाळी कुठे अंथरली आहे, हे सगळे त्यांना चालत्या गाडीतून दिसत होते. मला त्या वेळेपर्यंत वाटत असे, की किनाऱ्यावरच्या रस्त्याला भीती असते ती लाटांची. बाबांचे म्हणणे असे, की डोंगर कापून केलेल्या रस्त्याचा खरा शत्रू वरून झिरपणारे पाणी हा असतो. माती पाणी पिऊन जड होते, खडकाच्या भेगांत पाणी भरते, त्याचा दाब वाढतो आणि मग एखाद्या रात्री दरड सुटते. वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक या वस्त्यांजवळ पोहोचल्यावर मी त्यांना तिथली हकीकत सांगितली. २०१५ च्या नाताळच्या दिवशी वणव्यात या दोन वस्त्यांमधली मिळून ११६ घरे जळाली आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मधल्या अतिवृष्टीत, याच भागात जागोजाग दरडी कोसळून रस्ता बंद पडला. बाबांनी मान हलवली. "झाड गेलं की मुळांची पकड गेली. मग पाण्याला कोण धरणार?" एवढेच ते म्हणाले आणि बराच वेळ वरच्या उताराकडे पाहत राहिले. त्या उतारावर आता कोवळी हिरवाई दाट झाली आहे, आणि तिच्यामधून काळवंडलेले जुने बुंधे अजूनही दिसतात.

पहिला मुक्काम अपोलो बेला केला. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो, आणि त्यानंतर वॉलबी व कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून हिवाळ्यात इथे चारनंतर गाडी चालवण्याचा बेत ठेवूच नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता समुद्राची साथ सोडून ऑटवेच्या डोंगरांत शिरला. पुष्कळ प्रवासी या भागातून घाईघाईने पुढे जातात, कारण त्यांना पलीकडचे, समुद्रात उभे असलेले प्रसिद्ध सुळके पाहायचे असतात. माझ्या मते पावसाळ्यातल्या या प्रवासाचे हे सर्वांत श्रीमंत अंग आहे. दक्षिण महासागरावरून, अंटार्क्टिकाच्या बाजूने मध्ये कुठेही जमिनीचा अडथळा न येता वाहणारे बाष्पाचे वारे पहिल्यांदा आदळतात ते या डोंगरांवर. त्यामुळे इथल्या वीआप्रोइना या छोट्या वस्तीत वर्षाला सरासरी एकोणीसशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगराच्या आडोशाला असलेल्या जिलाँगमध्ये मात्र पाचशे-साडेपाचशेच पडतो. दोन्हींमधले अंतर गाडीने काही तासांचेच आहे, पण झाडे पाहिली की दोन वेगळ्या देशांत आल्यासारखे वाटते.

अपोलो बेहून सतरा-अठरा किलोमीटरवर मेट्स रेस्ट नावाची जागा आहे. मेटलंड ब्रायन हा वनरक्षक घोड्यावरून गस्त घालताना इथे विसाव्याला थांबे, म्हणून हे नाव पडले. सुमारे आठशे मीटरची वर्तुळाकार पायवाट आहे आणि तिचा बराच भाग लाकडी फळ्यांचा आहे, जेणेकरून येणाऱ्यांच्या पायांखाली मुळे तुडवली जाऊ नयेत. वर पाऊस जोरात पडत होता हे आवाजावरून कळत होते, पण आमच्यापर्यंत तो थेंबांच्या रूपाने फारसा येतच नव्हता. आधी उंच झाडांचे शेंडे, मग मर्टल बीच नावाच्या झाडांच्या बारीक पानांची छपरे, त्याखाली माणसाच्या दुप्पट उंचीचे वृक्षनेचे, आणि त्यांच्याही खाली शेवाळ, अशा चार मजल्यांवरून उतरत येता येता पावसाची धार मोडून जात होती. एका आडव्या पडलेल्या बुंध्यावरच्या शेवाळावर मी हलकेच बोट टेकवले, तर ते दोन पेरे आत गेले आणि बोटाभोवती पाणी वर आले. बोट काढल्यावर ते पाणी पुन्हा दिसेनासे झाले आणि खड्डा हळूहळू भरून आला. बाबा ते पाहत होते. काल दिवसभर ज्या पाण्याला वाट काढून द्यावी लागते असे ते सांगत होते, ते पाणी इथे कोणतीही मोरी किंवा चर नसताना जागच्या जागी धरून ठेवले जात होते. बाबांनी आपणही बोट टेकवून पाहिले. तिथून निघावेसे आम्हा दोघांनाही वाटत नव्हते.

याच भागात माउंटन ॲश जातीची निलगिरी वाढते. जगातला सर्वांत उंच सपुष्प वृक्ष तो हाच. लॅव्हर्स हिलच्या आसपास धुके इतके दाट झाले, की त्या झाडांचे फक्त बुंधेच दिसत होते. त्यांची उंची आम्हाला समजून घ्यावी लागली. धुक्यात पुढचा दिवा पूर्ण प्रखर करू नये, कारण तो प्रकाश धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो, आणि आतून काच धूसर झाली तर थंडी वाजत असली तरी गाडीतला एसी चालू ठेवावा, म्हणजे हवेतली ओल शोषली जाते. या दोन गोष्टी पाळल्यामुळेच तो डोंगर सुखरूप उतरता आला.

प्रिन्सटाउनच्या पुढे पुन्हा समुद्र येतो, पण तो ओळखू येऊ नये इतका बदललेला. आता डोंगर नाही. सपाट माळ आहे, आणि तो माळ सुरीने कापावा तसा समुद्रात एकाएकी संपतो. चुनखडीचे हे कडे दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचत गेलेल्या थरांचे आहेत, आणि ते थर बाजूने पाहिल्यावर वहीच्या पानांसारखे वेगवेगळे मोजता येतात. 'ट्वेल्व्ह अपॉसल्स' म्हणजे बारा प्रेषित या नावाने प्रसिद्ध असलेले सुळके इथेच आहेत. नाव बाराचे असले, तरी ते रूढ झाले तेव्हाही सुळके नऊच होते. ३ जुलै २००५ रोजी त्यांतला सुमारे पन्नास मीटर उंचीचा एक सुळका काही क्षणांत कोसळला आणि आता आठ उरले आहेत. आम्ही कठड्याशी उभे होतो तो महिनाही जुलैच होता. वारा इतका होता की बाबांचा हात मी सोडला नाही. समोर एका सुळक्याच्या पायथ्यावर लाट आदळे, त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत पांढरे पाणी चढे आणि मग पाणी परत फिरल्यावर पायथ्याची खोबण क्षणभर उघडी पडे. त्या खोबणीकडे बाबांनी बोट दाखवले. लाटांमुळे या सुळक्यांचे पायथे दर वर्षी सुमारे दोन सेंटीमीटर झिजतात, आणि वरून पावसाचे पाणी भेगांतून उतरत चुनखडी विरघळवत राहते. भूशिराच्या दोन्ही अंगांना आधी गुहा होतात, त्या एकमेकींना मिळून कमान होते, कमानीचे छप्पर पडले की सुळका एकटा उरतो, आणि पुढे तोही जातो. जवळच्याच 'लंडन ब्रिज' नावाच्या दुहेरी कमानीचा किनाऱ्याकडचा भाग १५ जानेवारी १९९० रोजी पडला, तेव्हा पलीकडच्या टोकावर अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले होते.

उन्हातली छायाचित्रे मी अनेकदा पाहिली होती. त्यांत हे सुळके सोनेरी, स्थिर आणि पूर्ण झालेले दिसतात, एखाद्या शिल्पकाराने काम संपवून बाजूला व्हावे तसे. त्या दुपारी मला दिसले ते चालू असलेले काम होते. पाऊस, वारा आणि लाटा तिन्ही मिळून त्या दगडावर आमच्या देखत काम करत होत्या. हे रूप पाहायला मिळाले याचा मला आजही मनापासून आनंद होतो. ढगांमुळे सूर्यास्त दिसला नाही म्हणून हळहळणारे एक कुटुंब आमच्या शेजारी उभे होते. त्यांची हळहळ मी समजू शकते, पण माझ्या मनात ती नव्हती.

गिब्सन स्टेप्स या कड्यात खोदलेल्या पायऱ्या उधाणामुळे बंद होत्या. लॉक आर्ड गॉर्ज या कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीत उतरणाऱ्या पायऱ्या मात्र खुल्या होत्या, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे उतरलो. 'लॉक आर्ड' हे शिडाचे जहाज मार्च १८७८ मध्ये इंग्लंडहून मेलबर्नकडे निघाले होते. प्रवास जवळजवळ संपत आलेला असताना, १ जूनच्या पहाटे, कॅप्टन गिब केप ऑटवेच्या दीपगृहाचा दिवा शोधत होते. तो दिवा १८४८ पासून जहाजांना वाट दाखवत आला होता, पण त्या पहाटे समुद्रावर धुके होते. धुके उठले तेव्हा कडे समोरच होते. नांगर टाकले, पण ते तळाशी धरले नाहीत, आणि मटनबर्ड बेटाच्या खडकावर आपटून जहाज काही मिनिटांत बुडाले. जहाजावरच्या ५४ जणांपैकी दोघेच वाचले: जहाजावर उमेदवारी करणारा टॉम पिअर्स आणि इव्हा कारमायकल ही तरुण मुलगी. टॉम लाटांबरोबर या चिंचोळ्या खाडीत फेकला गेला होता. किनाऱ्याला लागल्यावर त्याला इव्हाची हाक ऐकू आली आणि तो पुन्हा पाण्यात शिरून तिला ओढून घेऊन आला. तिला गुहेत ठेवून तो कडा चढून वर गेला आणि मदत घेऊन परतला. इव्हाचे आईवडील आणि भावंडे त्या जहाजाबरोबर गेली.

खाली वाळूवर उभे राहिल्यावर दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात, की आकाशाची एक पट्टीच उरते. तोंडाशी लाट आत घुसली, की तिचा आवाज कड्यांवर आपटून दुप्पट होऊन येतो. अशा आवाजात टॉमला एका मुलीची हाक ऐकू आली कशी, हे मला तिथे उभे राहूनही उमगले नाही. कड्याच्या पुढे आलेल्या छज्जाखालून पावसाचे पाणी थेंबाथेंबाने गळत होते. बाबांनी त्याखाली तळहात धरला, थोडे पाणी साचू दिले आणि बोटाच्या टोकाने त्यातली बारीक पिवळसर रेव चोळून पाहिली. मग ती रेव त्यांनी माझ्या हातावर ठेवली. बोलले काहीच नाहीत.

तिथून ऍलन्सफर्ड तासाभराच्या अंतरावर आहे, आणि हा शेवटचा भाग कुरणांमधून जातो. रस्ता जिथे महामार्गाला मिळतो तिथे मी गाडी बाजूला घेतली. महामार्गाने परतलो असतो तर घरी बरेच लवकर पोहोचलो असतो, आणि माझा बेतही तोच होता. पण बाबा म्हणाले, "अगं, आल्या वाटेनंच जाऊ या का? येताना मी समुद्राकडे बसलो होतो. डोंगराची बाजू नीट बघायची राहिली." मी घड्याळ पाहिले, दिवस असेपर्यंत अवघड वळणे ओलांडता येतील याचा हिशेब केला आणि गाडी वळवली.

दुपारी वाय रिव्हरच्या अलीकडे वाहने थांबलेली दिसली. डोंगरावरून दगडमाती येऊन आमच्या बाजूचा अर्धा रस्ता अडला होता. एक यंत्र ती भरत होते, आणि दोन माणसे फावड्यांनी कडेचा चर मोकळा करत होती. पिवळ्या रेनकोटातला एक कामगार 'थांबा' असे लिहिलेली गोल पाटी धरून आमच्या अगदी समोर उभा होता. त्याच्या कोपरावरून पाण्याची धार लागली होती. बाबांनी काच पूर्ण खाली केली. पाऊस आत आला, त्यांची बाही भिजली, तरी ते मान बाहेर काढून दरड जिथून सुटली होती ती जागा न्याहाळत होते. "वरचा चर तुंबला असणार," ते म्हणाले. दहा-बारा मिनिटांनी चर मोकळा झाला, अडलेले गढूळ पाणी एकदम पुढे सरकले आणि मोरीत शिरून दिसेनासे झाले. कामगाराने पाटी फिरवून 'सावकाश' असे लिहिलेली बाजू आमच्याकडे केली. त्याच्या जवळून जाताना बाबांनी हात वर केला, आणि त्यानेही पाटी धरलेल्या हाताची दोन बोटे उचलली. वळण येईपर्यंत बाबा मागे वळून त्या मोरीच्या तोंडाकडे पाहत होते.